शाळेची बस, उधारीचे बिल आणि वटावाचा धंदा

वाहतुकीच्या धंद्यात आपले मुस्लिम बांधव पूर्वीपासून आहेत. ट्रक आले, टेम्पो आले, काळीपिवळी जीप आली आणि गेल्या काही वर्षांत शाळेची पिवळी बसही आली. नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा या गावांत इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, तसे दोन-तीन गाड्या घेऊन शाळेशी करार करणारे गाडीमालकही वाढले. बाहेरून पाहणाऱ्याला हा धंदा सुखाचा वाटतो. गिऱ्हाईक ठरलेले, रस्ता ठरलेला, भाडे ठरलेले. मग हाच गाडीमालक ऑगस्ट महिन्यात हप्त्यासाठी उसनवार का करतो? धंदा चालतो, गाड्या भरून धावतात, वहीत नफा दिसतो आणि खिशात डिझेलपुरतेही पैसे नसतात, हे कसे घडते?

अलीकडे या दुखण्यावर एक औषध सुचवले जाते. त्याचे नाव फॅक्टरिंग. म्हणजे शाळेकडून येणे असलेले बिल एखाद्या वित्त कंपनीला द्यायचे, तिच्याकडून लगेच पैसे घ्यायचे आणि शाळेकडून वसुली तिने करायची. मोबाईलवर याच्या जाहिराती येतात, एजंट दुकानापर्यंत येतात. हे औषध कोणाला लागू पडते, कोणाला बाधते आणि आपल्या जिल्ह्यातील गाडीमालकाने त्याऐवजी काय करावे, याविषयी आम्ही आमचे मत येथे मांडत आहोत. शाळेच्या बसवाल्याला जे लागू आहे ते शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारागिराला, बाके बनवणाऱ्या सुताराला आणि वसतिगृहाला किराणा पुरवणाऱ्या व्यापाऱ्यालाही बऱ्याच अंशी लागू आहे. म्हणून त्यांनीही हे वाचावे.

आधी हिशोब पाहू

हिशोबासाठी असे समजा की, एका गाडीमालकाच्या तीन गाड्या एका शाळेला लावलेल्या आहेत आणि शाळेचे महिन्याचे बिल १ लाख ५० हजार रुपये होते. डिझेल ५५ हजार, ड्रायव्हर व मदतनीस यांचे पगार ४५ हजार, गाड्यांचे हप्ते ३० हजार आणि टायर, दुरुस्ती, विमा, पासिंग यांचा महिन्याला येणारा वाटा १० हजार. एकूण खर्च १ लाख ४० हजार. वहीत नफा १० हजार.

आता शाळा बिलाचे पैसे ९० दिवसांनी देते असे धरा. जुलै महिन्याचे बिल ३१ जुलैला दिले, त्याचे पैसे ऑक्टोबरअखेर आले. तोपर्यंत जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे चार महिने गाड्या धावल्या. म्हणजे शाळेचा पहिला रुपया हातात पडण्यापूर्वी मालकाच्या खिशातून ५ लाख ६० हजार रुपये गेले. पंप उधारी देतो, पण आठवड्याची. ड्रायव्हरचे घर दर महिन्याला चालवावे लागते. फायनान्स कंपनी हप्त्याची तारीख चुकली की दंड लावते. या सर्वांना रोख द्यायची आणि शाळेकडून उधारीवर घ्यायची, हा त्या माणसाचा रोजचा उद्योग होऊन बसतो.

यात आणखी एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. शाळेचे बिल वर्षात साधारण दहा महिने होते, हप्ता मात्र बारा महिने असतो. वर्षाचे हप्ते ३ लाख ६० हजार. ते दहा महिन्यांच्या कमाईतून काढायचे तर महिन्याला ३० नव्हे, ३६ हजार बाजूला पडले पाहिजेत. म्हणजे वहीतला १० हजारांचा नफा खरा ४ हजारांचाच आहे. सुटीच्या दोन महिन्यांत ड्रायव्हर टिकवायचा म्हणून काही द्यावे लागले, तर तोही उरत नाही. जो गाडीमालक शाळेशी भाव ठरवताना हे गणित मांडत नाही, त्याला पुढे कोणतीही वित्त कंपनी वाचवू शकत नाही.

पैसे अडतात कुठे?

आपल्या जिल्ह्याची घडी वेगळी आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा. सातपुड्यातील अक्राणी आणि अक्कलकुव्यात डोंगर, खाली तापीकाठी शेती. येथील बहुतेक पालकांच्या हातात पैसा महिन्याच्या पहिल्या तारखेला येत नाही. तो कापूस आणि मिरची बाजारात आली की येतो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणारी कुटुंबे उचल घेऊन जातात आणि उन्हाळ्यात परततात. बँकेच्या पुस्तकातला महिना तीस दिवसांचा असतो, आपल्या गावातला महिना पिकाचा असतो. म्हणून जून ते ऑक्टोबर हा काळ शाळेलाही कठीण आणि गाडीमालकाला त्याहून कठीण.

दुसरे कारण सरकारी पैशाचे. शिक्षणहक्क कायद्यान्वये २५ टक्के जागांवर प्रवेश देणाऱ्या विनाअनुदानित शाळांना सरकारकडून शुल्काची प्रतिपूर्ती मिळायची असते. ती थकल्याची तक्रार शाळांच्या संघटना अनेक वर्षे करत आल्या आहेत. वरून पाणी सुटले नाही की खालच्या पाटाला ते मिळत नाही, आणि या पाटाच्या अगदी शेवटी बसवाला उभा असतो. एवढे मोठे एसटी महामंडळ, ज्याची नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा येथे आगारे आहेत, त्यालाही विद्यार्थ्यांच्या आणि इतरांच्या सवलतीचे पैसे सरकारकडून येण्याची वाट पाहावी लागते आणि ते लांबले की कर्मचाऱ्यांचे पगार लांबतात. मग तीन गाड्यांच्या मालकाची काय कथा!

तिसरे कारण मात्र सरकारचे नाही, ते संस्थाचालकांच्या सवयीचे आहे. पुष्कळ शाळा बसची फी पालकांकडून शाळेच्या फीबरोबर, सहामाहीच्या सुरुवातीलाच घेतात. हे पैसे शाळेकडे आधी येतात आणि बसवाल्याला नंतर मिळतात. मधल्या काळात ते वर्गखोलीच्या बांधकामात किंवा शिक्षकांच्या पगारात जातात. याचा सरळ अर्थ असा की, छोटा गाडीमालक मोठ्या संस्थेला बिनव्याजी कर्ज देतो आणि तेवढ्यासाठी स्वतः व्याजाने काढतो. आम्हाला खेदाने म्हणावे लागते की, आपल्या समाजाच्या संस्थाही या सवयीपासून दूर नाहीत. ओळखीचा माणूस, जमातीतला माणूस, तो कुठे जाणार, असे म्हणून त्याचेच बिल सर्वांत खाली ठेवले जाते.

फॅक्टरिंग म्हणजे काय?

हुंडी वटवण्याचा व्यवहार खानदेशातील व्यापाऱ्याला नवा नाही. मुदतीची हुंडी सराफाकडे नेली, त्याने वटाव कापून रोख दिले आणि मुदत भरल्यावर पूर्ण रक्कम वसूल केली. फॅक्टरिंग हा त्याचाच नवा अवतार. फरक इतकाच की येथे हुंडी नसते, बिल असते. वित्त कंपनी साधारणपणे बिलाच्या ८० टक्क्यांच्या आसपास रक्कम आधी देते. देणेकऱ्याने पैसे भरले की उरलेली रक्कम आपला आकार कापून देते.

आपल्या देशात या धंद्याचा विचार पद्धतशीरपणे सुरू झाला तो १९८८ साली, रिझर्व्ह बँकेने कल्याणसुंदरम अभ्यासगट नेमला तेव्हा. त्यानंतर १९९१ साली पश्चिम भारतासाठी स्टेट बँकेची आणि दक्षिणेसाठी कॅनरा बँकेची फॅक्टरिंग कंपनी निघाली. स्वतंत्र कायदा यायला २०११ साल उजाडले. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पूर्वी मोजक्या कंपन्यांपुरता असलेला हा धंदा इतर अनेक बिगरबँक वित्त कंपन्यांना खुला झाला. मालाप्रमाणेच सेवेचे बिलही या कायद्यात बसते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शाळेच्या बसचे बिल वटवायला आडकाठी नाही.

२०१७ पासून लहान उद्योगांसाठी ट्रेड्स नावाचे इलेक्ट्रॉनिक बाजार सुरू झाले आहेत. तेथे लहान पुरवठादाराचे बिल मोठी कंपनी मान्य करते, बँका त्यावर बोली लावतात आणि सर्वांत कमी वटाव मागणाऱ्याला ते बिल मिळते. देणेकऱ्याने पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही, हा यातला मोठा फायदा. मोठ्या कंपन्यांना या बाजारात नाव नोंदवणे सरकारने सक्तीचे केले. आधी ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आणि २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ही सक्ती लागू झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. फॅक्टरिंगमध्ये वित्त कंपनी तुमची पत पाहत नाही, तुमच्या देणेकऱ्याची पाहते. मोठा कारखाना, सरकारी कंपनी, नावाजलेली कंपनी यांचे बिल लगेच वटते. शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या एका शिक्षणसंस्थेचे बिल घेऊन कोणी गेले, तर वित्त कंपनी विचारते, ही संस्था कोण, हिचा ताळेबंद कुठे आहे, ही ट्रेड्सवर आहे काय? उत्तर बहुधा नाही असेच येते. आणि जेथे पालक परस्पर गाडीमालकाला महिन्याचे भाडे देतात, तेथे तर वटवायला बिलच नसते. दीडशे पालकांची उधारी कोणी विकत घेत नाही.

म्हणून ज्याच्या गाड्या शाळेबरोबरच एखाद्या मोठ्या कंपनीच्या कामगारांची ने-आण करतात, त्याने त्या कंपनीच्या बिलापुरता या मार्गाचा विचार जरूर करावा. फक्त शाळेवर अवलंबून असलेल्याला मात्र फॅक्टरिंगच्या नावाने जे दिले जाते ते पुष्कळदा फॅक्टरिंग नसतेच. ते बिल तारण ठेवून दिलेले साधे कर्ज असते. त्यासोबत पुढच्या तारखांचे चेक घेतले जातात, घरातल्या माणसाची हमी घेतली जाते आणि शाळेने पैसे दिले नाहीत तर सगळी रक्कम व्याजासह मालकाकडून वसूल केली जाते. चेक परत गेला की कलम १३८ ची नोटीस. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: शाळेने पैसे बुडवले तर ते कोणाचे बुडतील? तुमचेच बुडणार असतील, तर ती बिलाची विक्री नाही.

वटावाची किंमत

वरच्याच उदाहरणात दीड लाखाच्या बिलावर ८० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार आधी मिळाले असे धरा. महिन्याला दीड टक्का आकार धरला तर तीन महिन्यांचे ५ हजार ४०० रुपये आणि कागदपत्रांचे वरखर्च १ हजार. एकूण ६ हजार ४००. मालकाचा खरा नफा आपण ४ हजार काढला होता. म्हणजे प्रत्येक महिन्याचे बिल वटवणारा हा माणूस दरमहा २ हजार ४०० रुपये तोट्यात गाड्या चालवतो आणि त्याला ते कळतही नाही, कारण हातात रोकड खेळत असते. रोकड खेळणे म्हणजे नफा होणे, ही समजूत जितकी गोड तितकीच घातक आहे. ज्या धंद्यात दर बिलामागे दहा-पंधरा टक्के सुटतात त्याला वटाव परवडतो. शाळेच्या बसच्या धंद्यात एवढी सुटका नसते.

येथे २०२० सालची आठवण ठेवणे बरे. त्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्यात अनेक इयत्तांचे वर्ग २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत किंवा त्यानंतरही उघडले नाहीत. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ऑगस्ट २०२० पर्यंत सवलत दिली, पण त्या काळाचे व्याज चालूच राहिले. गाड्या उभ्या होत्या, बिलच होत नव्हते, मग वटवणार काय? ज्याच्यापाशी तीन महिन्यांचा खर्च शिल्लक होता किंवा ज्याच्या गाडीला दुसरे काम होते, त्याला तग धरणे सोपे गेले. बाकीच्यांवर मिळेल त्या भावात गाडी विकण्याची पाळी येऊ शकते, हे त्या काळाने दाखवले. नवापूरच्या कुक्कुटपालकांना हा धडा त्याआधीच, फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लूच्या वेळी मिळाला होता. एका दिवसात धंदा थांबतो तेव्हा आधी ठेवलेली शिल्लकच कामाला येते.

व्याजाचा प्रश्न

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात हा प्रश्न पहिलाच असेल, म्हणून तो टाळून चालणार नाही. येणे असलेली रक्कम तिसऱ्या माणसाला कमी रोखीत विकणे बहुसंख्य फकीहांच्या मते व्याजात मोडते. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ साली आपल्या सातव्या अधिवेशनात व्यापारी हुंड्या-बिलांचा वटाव नाजायज ठरवला. मलेशियात कर्जाच्या विक्रीला काही अटींवर मान्यता दिली गेली, पण अरब देशांतील बहुतेक उलेमांनी ती स्वीकारली नाही.

त्याच ठरावात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. देणेकरी आणि घेणेकरी या दोघांतच व्यवहार असेल, आधी तशी अट घातलेली नसेल आणि देणेकरी मुदतीपूर्वी पैसे देत असल्याने घेणेकऱ्याने खुशीने काही रक्कम सोडली, तर ते व्याज होत नाही. तिसरा माणूस मध्ये आला की मुभा संपते. म्हणजे अडचणीच्या वेळी वित्त कंपनीच्या दारात जाण्यापूर्वी शाळेच्याच दारात जाऊन, आज देता का, दोन हजार कमी द्या, असे म्हणणे शरीअतच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि व्यापाराच्या दृष्टीनेही स्वस्त आहे. वरच्या उदाहरणात ६ हजार ४०० जाण्याऐवजी दोन हजार जातात.

आणखी एक मार्ग काही उलेमांनी दाखवला आहे. वसुलीचे काम करणाऱ्याने त्या कामाची ठरीव मजुरी घ्यावी आणि वेगळ्या व्यवहारात, बिलाच्या रकमेवर बिनव्याजी कर्ज द्यावे. अट एवढीच की मजुरी दिवस वाढतील तशी वाढता कामा नये. हे काम एखादी बिनव्याजी पतसंस्था करू शकते. प्रत्येकाने आपल्या खात्रीच्या आलिमांना विचारून पाऊल टाकावे, एवढेच आम्ही म्हणू.

मग करावे काय?

पहिली गोष्ट लेखी करार. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याविषयी कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे, सूरह अल-बकराची २८२ वी. तरीही आपल्याकडे शाळेशी करार तोंडी असतो, हे आश्चर्य आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असली पाहिजे आणि शाळा व गाडीमालक यांच्यात करार असला पाहिजे. त्या करारात मार्ग आणि भाडे यांच्याबरोबर पैसे देण्याची तारीख, बिल कोणी मान्य करायचे त्याचे नाव आणि डिझेलचा भाव ठरावीक मर्यादेपलीकडे चढला तर भाडे कसे बदलायचे, एवढे घाला.

दुसरी गोष्ट आगाऊ रक्कम. भाड्याचे पैसे आधी घेण्यात शरीअतची किंवा कायद्याची अडचण नाही. शाळा पालकांकडून सहामाहीचे आधी घेते, तर गाडीमालकाने एका महिन्याचे भाडे आगाऊ मागावे. एक महिन्याची आगाऊ रक्कम जरी हातात असली तरी उसनवारीचा बराच भार हलका होतो. शक्य तेथे बसची फी शाळेने वेगळ्या बँक खात्यात ठेवावी. ती पालकांनी बससाठी दिलेली अमानत आहे, शाळेची कमाई नव्हे.

तिसरी गोष्ट उद्यम नोंदणी. ती फुकट होते, आधार व पॅनवर होते आणि सेवा देणाऱ्या धंद्यालाही मिळते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. पैसे अडले तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषदेचा निकाल विरुद्ध गेल्यावर त्याला आव्हान द्यायचे असेल तर देणेकऱ्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, ही तरतूद फार मोलाची आहे. उशिरासाठी कायदा चक्रवाढ व्याज देववतो. ज्याला ते घ्यायचे नसेल त्याने आपली मुद्दल तेवढी मागावी, तो अधिकार कोणी हिरावून घेत नाही. नोंदणी मात्र काम सुरू करण्यापूर्वी झालेली असावी. भांडण लागल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलाला उपयोगी पडेल या भरवशावर राहू नये.

येथे एक सावधगिरी. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद लागू झाली की, लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणेकऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. या तरतुदीने कारखाने आणि कंपन्या जाग्या झाल्या. करमाफी घेणाऱ्या धर्मादाय शिक्षणसंस्थेला तिची फारशी झळ बसत नाही. म्हणून शाळेच्या बाबतीत करार आणि सुविधा परिषद हीच आपली खरी हत्यारे.

चौथी गोष्ट बिल. महिना संपला की दुसऱ्या दिवशी बिल गेले पाहिजे. त्यावर क्रमांक, तारीख, गाड्यांचे नंबर, फेऱ्यांचे दिवस लिहावेत आणि पोच घ्यावी. बारावीपर्यंतच्या शाळेला दिलेल्या विद्यार्थी वाहतूक सेवेला जीएसटीतून सूट आहे, तेव्हा त्यासाठी बिल अडवण्याचे कारण नाही. शाळेने आयकराचे टीडीएस कापले तर त्याचा दाखला मागून घ्यावा आणि विवरणपत्र भरून जादा कापलेला पैसा परत मिळवावा. वर्षानुवर्षे हा पैसा सरकारजमा राहू देणारे पुष्कळ आहेत.

पाचवी गोष्ट एकजूट. एका गाडीमालकाने बँकेत किंवा संस्थेत जाऊन काही मागितले तर त्याला बसायला खुर्चीही मिळत नाही. तालुक्यातील पंधरा-वीस मालक एकत्र आले तर शाळांना एकच करारनामा दाखवू शकतात आणि, पंचेचाळीस दिवसांत पैसे न देणाऱ्या शाळेला पुढच्या जूनमध्ये कोणीही गाडी लावणार नाही, असे ठरवू शकतात. त्याच मालकांनी महिन्याला ठरावीक रक्कम टाकून निधी उभारला, तर अडलेल्याला दोन-तीन महिन्यांसाठी बिनव्याजी उचल देता येईल. भिशी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण लिलावाची भिशी नको, आणि तोंडी कारभारही नको. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० खाली रीतसर नोंदलेली पतसंस्था असावी, तिचा हिशोब दरवर्षी तपासला जावा. नोंदणी नसलेल्या निधीत पैसा बुडाला की नातीही बुडतात.

संस्थाचालकांना दोन शब्द

शेवटी आम्हाला संस्थाचालकांशी बोलायचे आहे. गाडीमालकाचे बिल तीन महिने अडवले तर तो कुठे काटकसर करतो, याचा विचार कधी केला आहे काय? तो डिझेलमध्ये काटकसर करू शकत नाही. हप्त्यात करू शकत नाही. तो गुळगुळीत झालेला टायर आणखी दोन महिने ओढतो, ब्रेकचे काम पुढे ढकलतो, मदतनीस कमी करतो, विम्याची तारीख उलटू देतो. पावसाळ्यात सातपुड्याच्या घाटात किंवा धुक्यात शहादा रस्त्यावर त्या गाडीत आपलीच मुले असतात. थकवलेल्या बिलाचा आणि मुलांच्या जिवाचा असा सरळ संबंध आहे. ऐपत असताना देणे लांबवण्याला आपल्या प्रेषितांनी, त्यांच्यावर शांती असो, जुलूम म्हटले आहे. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिणाऱ्यांनी तो एक स्वतःसाठीही लिहून घ्यावा.

गाडीमालकांना आमचे सांगणे थोडक्यात असे. बिल वटवणे हा कधीतरी घ्यायचा उतारा आहे, रोजचे अन्न नव्हे. मोठ्या कंपनीचे बिल असेल आणि आकार परवडत असेल तर कागद नीट वाचून, आपल्या आलिमांना विचारून निर्णय घ्या. शाळेच्या बाबतीत मात्र करार, आगाऊ रक्कम, वेळेवर बिल आणि आपापसातील एकजूट यांनीच पैसा मोकळा होईल. येत्या जूनमध्ये नवे करार होतील. त्याआधी एक कागद घेऊन बारा महिन्यांचा खर्च आणि दहा महिन्यांची कमाई समोरासमोर मांडा. ज्या भाड्यात हे दोन्ही जुळत नाही, ते भाडे स्वीकारून गाडी लावण्यापेक्षा गाडीला दुसरे काम शोधणे बरे.